वसंतराव नाईक : दुष्काळ, स्थलांतर आणि निवारा

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील इंझोरी आणि तिच्या आजूबाजूच्या गावांचे वर्ष मृगाच्या पावसावर ठरते. कापूस, तूर आणि सोयाबीन ही येथील कोरडवाहू पिके. पाऊस वेळेवर आला तर दिवाळीपर्यंत घरात चार पैसे येतात. तो हुकला, किंवा महिनाभराचा पाऊस दोन दिवसांत कोसळून गेला, तर दिवाळीनंतर गावांत आणि तांड्यांत बांधाबांध सुरू होते. कुणी मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातो, कुणी वीटभट्टीवर, कुणी मुंबई-पुण्याच्या बांधकामांवर. दाराला कडी लावली जाते आणि म्हातारी माणसे मागे राहतात. जाणाऱ्या कुटुंबाला काम कुठे मिळणार याची थोडीफार कल्पना असते. राहायचे कुठे, या प्रश्नाला मात्र बहुतेक वेळा उत्तर नसते.

हवामानबदलामुळे होणारे स्थलांतर हा शब्दप्रयोग अलीकडचा आहे. त्यामागचे दुःख या मुलखाला जुने आहे. या दुःखाशी ज्याचे सारे राजकीय आयुष्य जोडले गेले, असा नेता याच परिसराच्या शेजारी, पुसद तालुक्यातील गहुली या लहानशा तांड्यात १ जुलै १९१३ रोजी जन्माला आला. वसंतराव फुलसिंग नाईक यांचा हा जन्मदिवस महाराष्ट्रात कृषी दिन म्हणून पाळला जातो. योगायोग असा की, अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशीम जिल्हा अस्तित्वात आला तोही १ जुलैलाच, १९९८ साली. हरितक्रांतीचे प्रणेते म्हणून नाईकांचे स्मरण दरवर्षी होते. माणसाला गाव का सोडावे लागते, आणि सोडल्यावर त्याच्या डोक्यावर छप्पर कुणी द्यायचे, या दोन प्रश्नांच्या अंगाने त्यांच्या चरित्राकडे क्वचितच पाहिले गेले आहे.

नाईकांचा बंजारा समाज मुळात फिरता. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून शेकडो मैल वाहतूक करणे, ज्याला समाजात लदेणी म्हणतात, हा त्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय. एकोणिसाव्या शतकात पक्के रस्ते झाले, रेल्वे आली आणि हा व्यवसाय बसला. त्यातच १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या जमातींवर जन्मतःच संशयाचा शिक्का मारला. तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडले. चालती वाट बंद झालेल्या या माणसांना कुठेतरी थांबणे भाग होते. गावाच्या शिवाराबाहेर, माळावर किंवा जंगलाच्या कडेला जे तांडे वसले, ते या थांबण्यातून. वसंतरावांचे आजोबा चतुरसिंग यांनी गहुलीचा तांडा वसवला आणि शेती धरली. नाईक हे खरे तर तांड्याच्या प्रमुखाचे पद. घराण्याचे मूळ आडनाव राठोड. पुढे पदाचे नावच आडनाव झाले. माणूस स्थिर झाला की त्याला शेत, पाणी, शाळा आणि घर यांच्याशी बांधून घ्यावे लागते, हा धडा वसंतरावांना वारशानेच मिळाला होता.

गहुलीसारख्या तांड्यात त्या काळी शाळा नव्हती. आजूबाजूच्या गावांतून शिकत त्यांनी नागपूर गाठले, तेथील मॉरिस महाविद्यालयातून पदवी घेतली आणि १९४० मध्ये कायद्याची परीक्षा उत्तीर्ण केली. अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या हाताखाली काही काळ काम करून त्यांनी पुसदला वकिली सुरू केली. १९४१ मध्ये नागपूरच्या घाटे कुटुंबातील वत्सलाबाईंशी त्यांचा विवाह झाला. तांड्यातला मुलगा आणि ब्राह्मण घरातली मुलगी यांचा हा आंतरजातीय विवाह त्या काळात सोपा नव्हता. दोन्हीकडच्या रोषाला तोंड देऊन तो टिकला आणि फुलला. १९४६ मध्ये नाईक पुसदचे नगराध्यक्ष झाले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते तेव्हाच्या मध्य प्रदेश विधानसभेवर निवडून गेले आणि महसूल खात्याचे उपमंत्री झाले. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, तेव्हा सहकार आणि पुढे कृषी ही खाती त्यांच्याकडे आली.

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि नाईक महसूलमंत्री झाले. लोकशाही विकेंद्रीकरणाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. त्या समितीच्या शिफारशींवर जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांचा १९६१ चा कायदा उभा राहिला आणि १ मे १९६२ पासून ही रचना अमलात आली. शेतजमिनीच्या कमाल धारणेचा कायदाही याच काळातला. रस्ता, विहीर, शाळा, घरकुल यांतील बहुतेक गोष्टी गावकऱ्यापर्यंत आजही याच यंत्रणेतून पोचतात. त्यामुळे निवाऱ्याच्या प्रश्नात नाईकांचा पहिला वाटा कोणता, असे विचारले तर ही यंत्रणा, असेच उत्तर द्यावे लागेल.

मारोतराव कन्नमवार यांच्या निधनानंतर ५ डिसेंबर १९६३ रोजी नाईक मुख्यमंत्री झाले आणि २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत, म्हणजे सलग अकरा वर्षांहून अधिक काळ, त्या पदावर राहिले. या काळात निसर्गाने त्यांची वारंवार परीक्षा घेतली. १९६५ आणि १९६६ ही अन्नटंचाईची वर्षे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या परिसरात भूकंप झाला आणि कोयनानगर व आसपासच्या गावांतील घरे कोसळली. त्या पुनर्वसनातून सावरत असतानाच १९७० पासून पाऊस हात आखडता घेऊ लागला आणि १९७२ मध्ये राज्यावर असा दुष्काळ आला की, आज सत्तरी ओलांडलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला बहात्तरचा एवढा शब्द सांगितला की पुढचे सांगावे लागत नाही. अमेरिकेतून आलेला लाल मिलो, कामावर मिळणारी सुकडी, खडी फोडणाऱ्या बायका आणि चाऱ्यावाचून सोडून दिलेली गुरे ही त्या वर्षांची चित्रे.

नाईकांच्या सरकारने त्या वेळी घेतलेली भूमिका साधी होती. लोकांनी कामाच्या शोधात वणवण करण्याऐवजी काम लोकांकडे न्यायचे. वि. स. पागे यांनी मांडलेली आणि तासगाव तालुक्यात १९६५ मध्ये आजमावलेली रोजगार हमीची कल्पना १९७२ मध्ये राज्यभर स्वीकारली गेली. त्याच वेळी दुष्काळी कामे मोठ्या प्रमाणावर निघाली. पाझर तलाव, नालाबांध, विहिरी, रस्ते आणि मातीकाम यांवर माणसे उभी राहिली. १९७३ च्या उन्हाळ्यात या कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या जवळ पोचली होती आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण फार मोठे होते. एवढ्या भीषण अवर्षणात मोठ्या प्रमाणावर भूकबळी पडले नाहीत, याची नोंद दुष्काळाच्या अभ्यासकांनी पुढे आवर्जून घेतली. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला, त्यासाठी व्यवसाय कर लावला गेला आणि २००५ मध्ये संसदेने देशभरासाठी ग्रामीण रोजगार हमीचा जो कायदा केला, त्याला महाराष्ट्राचाच आदर्श होता.

या योजनेचा घराशी संबंध काय, असा प्रश्न कुणाला पडेल. संबंध फार जवळचा आहे. गरिबाचे घर म्हणजे केवळ भिंती आणि छप्पर नव्हे. रेशनकार्ड, मुलांची शाळा, शेजाऱ्याची उसनवारी, मतदार यादीतील नाव, एखादी शेळी आणि दारातला आंबा हे सारे त्या घराला चिकटलेले असते. काम गावाजवळ मिळाले तर हे सगळे वाचते. गाव सोडले की ते एका दिवसात जाते आणि नव्या ठिकाणी पुन्हा जमवायला एक पिढी लागते. ज्या घराला टाळे लागत नाही, त्याच्यासाठी नवे घर बांधावे लागत नाही. स्थलांतरितांसाठी स्वस्त घरांचा विचार करताना सर्वांत स्वस्त घर म्हणजे माणसाचे आधीचेच घर, हे बहात्तरच्या अनुभवाने दाखवून दिले.

तरीही सारे थांबले नाहीत. मराठवाड्यातून आणि पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यातून असंख्य कुटुंबे त्या वर्षांत मुंबई-पुण्याला गेली आणि त्यांतील अनेक परतली नाहीत. त्यांनी नाल्यांच्या कडेला, डोंगरउतारांवर आणि रेल्वेच्या जमिनीवर पत्र्याच्या झोपड्या उभारल्या. येथे नाईकांच्या कारकिर्दीची दुसरी बाजू दिसू लागते.

शहरांच्या निवाऱ्याकडे त्यांचे दुर्लक्ष होते, असे म्हणता येणार नाही. मुंबईच्या जुन्या चाळी कोसळू लागल्या तेव्हा इमारतींच्या दुरुस्ती व पुनर्रचनेसाठी १९६९ मध्ये स्वतंत्र मंडळाचा कायदा झाला. १९७१ च्या झोपडपट्टी सुधारणा कायद्याने झोपडी हटवणे हा एकच उपाय नाही, तेथे पाणी, संडास, गटारे आणि दिवे देणे ही शासनाची जबाबदारी आहे, हे मान्य केले. मुंबईवरचा भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये मांडली होती. नाईकांच्या सरकारने ती उचलून धरली आणि १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. बाहेरून येणाऱ्या कमी उत्पन्नाच्या माणसालाही परवडेल असे घर या नव्या मुंबईत मिळावे, हा त्या योजनेतील एक हेतू होता.

हेतू आणि वास्तव यांत मात्र अंतर पडले. नवी मुंबई उभी राहिली, देखणी झाली, मध्यमवर्गाला तिने घर दिले. दुष्काळातून आलेल्या बिगारी कामगाराला त्या घराचा हप्ता पेलवणारा नव्हता. ज्याची मजुरी रोज ठरते, त्याला दरमहा ठरलेली रक्कम भरता येत नाही आणि बँक त्याला दारात उभे करत नाही. ज्याने त्या इमारती बांधल्या तोच शेजारच्या झोपडीत राहिला. शिवाय हे शहर मोकळ्या जमिनीवर वसले नव्हते. ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांच्या भातशेतीवर आणि मिठागरांवर ते उभे राहिले. आगरी-कोळी शेतकऱ्यांना मिळालेला मोबदला तुटपुंजा होता. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी प्रदीर्घ लढा दिला, जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरातील गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले आणि त्यानंतर विकसित जमिनीतील साडेबारा टक्के वाटा देण्याचे धोरण आले. एकाला घर देण्यासाठी दुसऱ्याचे घर-शेत काढून घेतले, तर स्थलांतर संपत नाही, त्याचा पत्ता फक्त बदलतो. धरणांच्या बाबतीतही हेच घडले. जायकवाडी, उजनी यांसारख्या प्रकल्पांनी दुष्काळी मुलखाला पाणी दिले आणि त्याच वेळी शेकडो गावांना उठवले. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा मात्र नाईक पायउतार झाल्यानंतर, १९७६ मध्ये झाला.

या त्रुटी नाईकांच्या एकट्याच्या म्हणणे अन्यायाचे होईल. शेती सावरली तर गाव टिकेल आणि गाव टिकले तर शहर सावरेल, अशी त्यांची धारणा होती आणि त्यांचा सारा भर तिच्यावर होता. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही चारही कृषी विद्यापीठे त्यांच्याच काळातली. परभणीच्या विद्यापीठाला २०१३ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दी वर्षात, त्यांचे नाव देण्यात आले. संकरित ज्वारीचा प्रसार, १९७२ मध्ये सुरू झालेली कापूस एकाधिकार खरेदी, विहिरींसाठी कर्ज, पाझर तलाव या सर्वांमागे शेतकऱ्याने आपल्या बांधावर उभे राहावे हीच इच्छा होती. पण कोरडवाहू शेतीची अनिश्चितता तेवढ्याने संपली नाही. संकरित बियाण्याला खत लागते, खताला पाणी लागते, आणि पाणी ज्यांच्यापर्यंत पोचले नाही त्यांच्यात विदर्भाचा कापूस उत्पादक सर्वांत पुढे राहिला. नाईकांच्या स्वतःच्या यवतमाळ जिल्ह्याचे नाव पुढच्या काळात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांशी जोडले जावे, हा इतिहासाचा कठोर विरोधाभास आहे.

मुख्यमंत्रिपद सोडल्यानंतर १९७७ मध्ये ते वाशीम मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. मुंबईत मलबार हिलवरील ज्या बंगल्यात त्यांचे कुटुंब राहिले, त्याला त्यांनी वर्षा हे नाव दिले होते. पुढे तेच मुख्यमंत्र्यांचे अधिकृत निवासस्थान झाले. पावसाची वाट पाहण्यात आयुष्य गेलेल्या मुलखातून आलेल्या माणसाला घरासाठी हेच नाव सुचावे, यात नवल नाही.

आज त्यांच्या चरित्राकडे वळण्याचे कारण असे की, पावसाचा लहरीपणा आता अपवाद राहिलेला नाही. जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातील तळिये आणि जुलै २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी ही वस्ती अतिवृष्टीने कोसळलेल्या दरडीखाली गेली. तळियेच्या पुनर्वसनाचे काम म्हाडाकडे आले, तर इर्शाळवाडीच्या वाचलेल्या कुटुंबांसाठी चौक येथे घरे बांधण्याचे काम सिडकोने केले. पन्नास वर्षांपूर्वी नव्या शहरासाठी स्थापन झालेली संस्था निसर्गाने उठवलेल्या आदिवासींसाठी घरे बांधू शकते, हे त्यातून दिसले. मात्र दरड एका रात्रीत कोसळते, तिची बातमी होते, म्हणून घर मिळते. अवर्षण माणसाला हळूहळू उठवते. इंझोरीसारख्या गावाच्या शिवारातून दरवर्षी चार-दोन कुटुंबे निघून जातात तेव्हा त्यांची यादी कुणी करत नाही, त्यांना आपद्ग्रस्त म्हणत नाही आणि पुनर्वसनाच्या व्याख्येत त्यांना जागा नसते.

या माणसांसाठी काही योजना आहेत. नाईकांच्या नावाने तांडा-वस्ती सुधार योजना आहे, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आहे, पंतप्रधान आवास योजनेतून घरकुल मिळते आणि घरकुलासाठी जागा नसलेल्याला ती घेण्यासाठी अर्थसाहाय्याची तरतूद आहे. शेती बदलत्या हवामानाला तोंड देऊ शकावी म्हणून २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात वाशीम जिल्ह्याचा समावेश झाला. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ मध्ये वसतिगृहांची योजना आली. मात्र यांतील बहुतेक योजना माणूस एका जागी आहे असे गृहीत धरतात. सहा महिने मानोऱ्याच्या तांड्यात आणि सहा महिने फडाच्या कडेच्या कोपीत राहणाऱ्या कुटुंबाला गावातले घरकुल मिळाले तरी कोपी चुकत नाही. उसाच्या पाचटाची ती कोपी, जिच्यात उभे राहता येत नाही, दार लावता येत नाही, आणि जिच्यात बाळंतपणेही होतात, तीच त्या कुटुंबाचे अर्ध्या आयुष्याचे घर असते. २०२० च्या टाळेबंदीत हजारो मजूर मुंबई-पुण्याहून पायी गावाकडे निघाले, तेव्हा शहरात त्यांना काम होते पण घर नव्हते, ही गोष्ट साऱ्या देशाने पाहिली. त्यानंतर भाड्याच्या परवडणाऱ्या घरांची योजना जाहीर झाली, पण हंगामी मजुराच्या आवाक्यात येईल अशी भाड्याची खोली आजही दुर्मिळच आहे.

नाईकांच्या अनुभवातून यासंबंधी दोन गोष्टी घेता येतात. पहिली, गावात राहू शकणाऱ्याला गावातच काम आणि पाणी द्यावे. ते नव्या वसाहतीपेक्षा स्वस्त पडते आणि माणसाचे माणूसपण राखते. दुसरी, ज्याला जावेच लागते त्याच्यासाठी जाण्याच्या ठिकाणी घराची सोय आधी हवी, आणि ती दुसऱ्या कुणाला उठवून केलेली नसावी. पहिली गोष्ट त्यांनी मोठ्या जिद्दीने केली. दुसरीची त्यांनी सुरुवात केली, पण ती ज्यांच्यासाठी होती त्यांच्यापर्यंत पोचली नाही. साखर कारखान्याच्या आवारात पक्क्या खोल्या असाव्यात, बांधकामाच्या परवान्यासोबत मजुरांच्या निवाऱ्याची अट काटेकोरपणे पाळली जावी, शहरात हंगामापुरती भाड्याची खोली ओळखपत्र दाखवून मिळावी, या मागण्या फार मोठ्या नाहीत. ५० लाख माणसांना एका उन्हाळ्यात काम देऊ शकलेल्या राज्याला त्या अशक्य म्हणता येणार नाहीत.

चतुरसिंगांनी गहुलीत बैलांच्या पाठीवरचे ओझे उतरवले आणि तांडा थांबला. त्यांच्या नातवाने तो तांडा मंत्रालयापर्यंत नेला. इंझोरीच्या परिसरातून दिवाळीनंतर निघणाऱ्या कुटुंबांची वाट मात्र अजून थांबलेली नाही. येत्या कृषी दिनी नाईकांच्या प्रतिमेला हार घालताना या कुटुंबांचा हिशेब कुणीतरी मांडावा. निदान ती किती आहेत आणि कुठे झोपतात, एवढे तरी सरकारदरबारी लिहिले जावे.